हेडमास्तरांच्या खोलीत देवी आली

साल एकोणीसशे त्रेपन्न. चैत्राचा पहिला आठवडा. पाडव्याच्या गुढ्या उतरलेल्या, ऊन तापू लागलेलं, शाळा सकाळची झालेली. त्या आठवड्यात मी अशी माती खाल्ली की ठाण्याच्या बाजारातल्या म्हाताऱ्या अजून मला बघितलं की तोंडाला पदर लावतात. सांगतो. तुम्ही चहा घ्या, मध्ये बोलू नका.

मी तेव्हा ठाण्यात खाडीकडच्या एका प्राथमिक शाळेत शिपाई होतो. गाव कोलशेत, जात आगरी, शिक्षण मराठी दुसरी. पहाटे गावाहून चालत निघायचो आणि सगळ्यांच्या आधी फाटक उघडायचो. घंटा झाली की फाटक बंद. मग कलेक्टरचा पोरगा आला तरी बाहेर. शाळेत हेडमास्तर एक, मास्तर दोन, बाई एक आणि शिपाई मी. शाळा कोण चालवत होतं ते तुम्हीच समजा.

त्या दिवशी हेडमास्तर दोन्ही मास्तरांना घेऊन कल्याणला सभेला गेलेले. सगळी पोरं एका दालनात बसवून बाईंच्या हवाली केलेली. बाई पुण्याच्या. दिवाळीनंतर आलेल्या, चष्मा लावायच्या, आवाज बारीक. जाताना हेडमास्तर त्यांना म्हणाले, काही अडलं तर बाळारामला विचारा. बाळाराम म्हणजे मी. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मधली सुट्टी व्हायच्या आत बाईंची हाक आली. गेलो. तिसरीतला नाऱ्या बाकावर वाकडातिकडा होऊन रडत होता. चेंदणीच्या कोळीवाड्यातला पोरगा, अंगाने काडी, डोक्याने सैतान. सदऱ्याच्या आत हात घालून पोट ओरबाडत होता. छाती लाल, गळा लाल, तोंड सुजलेलं, डोळ्यांना धार. कपाळाला हात लावला तर तापलेलं.

बाईंनी तेव्हा जे केलं ते बरोबर केलं. शाळेत पोरगं आजारी पडलं की असंच करावं. म्हणाल्या, याला हेडमास्तरांच्या खोलीत निजवा, ओलं फडकं आणा, कोणाला तरी डॉक्टरांकडे पाठवा. आणि पोराला विचारलं, "नारायण, सकाळी काय खाल्लंस? कुठे गेला होतास?"

त्याने उत्तर दिलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. मी देऊ दिलं नाही.

का? तर चैत्र महिना, अंगात ताप, अंगावर लाल पुरळ. आमच्या गावात एवढं दिसलं की पुढचं कोणी विचारत नाही. देवी आली, संपलं. तिला आजार म्हणायचं नाही, आई आली म्हणायचं. पोराला रागवायचं नाही, प्रश्न करायचे नाहीत, डॉक्टर आणायचा नाही. घरात फोडणी नाही, पायात वहाण नाही, मासळीला हात नाही. आई जाईपर्यंत पोर मागेल ते द्यायचं आणि हात जोडून उभं राहायचं.

"बाई, विचारू नका," मी म्हणालो. "हात जोडा."

"कोणाला?"

"ह्याला."

नाऱ्याने रडणं थांबवलं आणि आमच्याकडे बघितलं.

बाई शिकलेल्या. त्यांनी नाऱ्याचा दंड उघडा करून वण दाखवला. म्हणाल्या, याला देवी टोचलेल्या आहेत, ही बघा खूण, मग कशी येईल? मी सांगितलं, आई काय खूण बघून घरात शिरते? बाईंचं बरोबर होतं, पण माझा आवाज मोठा होता.

नाऱ्याला छातीशी धरून उचलला आणि हेडमास्तरांच्या खोलीत नेला. दोन बाकं जोडली, त्यावर सतरंजी घातली. मागच्या झाडाचा कडुनिंब तोडला, थोडा खाली पसरला, थोडा दाराला बांधला. सगळ्या पोरांना चपला काढायला लावल्या. त्यातल्या निम्म्यांकडे चपला नव्हत्याच, ते सोडा. बाईंनाही काढायला लावल्या. हेडमास्तरांच्या टेबलावर घंटा होती ती खाली ठेवली आणि तिथं उदबत्ती लावली.

नाऱ्या पहिल्यांदा दोनदा म्हणाला, "मामा, खाजतंय." मी म्हटलं, असं बोलू नये बाळा, आई रागावते. मग तो गप्प झाला. पोरगं हुशार. आपल्याला कोणी काही विचारणार नाही आणि कोणी मारणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. थोड्या वेळाने म्हणाला, वारा घाला. बाईंनी हजेरीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. म्हणाला, शहाळं पाहिजे. मी शहाळं आणलं. मग म्हणाला, पाढे नकोत. बाई म्हणाल्या, नकोत, नकोत.

आणि मग मला खाजायला लागलं.

आधी हाताला, मग गळ्याला, मग छातीला. बंडी वर करून बघितलं तर लाल चट्टे. आता खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. शाळेत एवढी माणसं, शिकलेले मास्तर, पुण्याच्या बाई, आणि आईने धरलं कोणाला? बाळारामाला. मी नाऱ्याच्या शेजारी पाट टाकून ताठ बसलो. अंगाची आग होत होती, पण आई अंगात असताना खाजवायचं नाही म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तेवढ्यात बाईंनी डावा हात उजव्या हाताने चोळायला सुरुवात केली. त्यांनी नाऱ्याचा गळा रुमालाने पुसलेला. हाताकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाळाराम," त्या म्हणाल्या, "ही खरंच पसरते आहे हो." त्यानंतर त्यांनी डॉक्टरांचं नाव काढलं नाही. पोरांना घरी सोडलं. पोरं चपला हातात घेऊन पळाली.

आता पोराच्या आईला कळवायला हवं. ती चांगुणा. नवरा होडीवर होता, तो जाऊन वर्ष झालं नव्हतं. चांगुणा बाजारात मासळी विकायची. मासळी यायची चुलत दिराच्या होडीची. तो माणूस कडक. आजची पाटी विकून संध्याकाळी त्याचा वाटा दिला तर उद्याची पाटी. नाही दिला तर पाटी दुसऱ्या बाईला. ती गेली की मायलेकरांनी खायचं काय? हे सगळ्या चेंदणीला माहीत होतं, मलाही होतं. फाटकावरून एक टांगा चाललेला. टांगेवाल्याला मी सांगितलं, बाजारात चांगुणाच्या कानात सांग, पोरावर आई आली आहे, शाळेत ये. कानात, असं दोनदा बजावलं.

त्याने शाळेपासून बाजारापर्यंत दोन्ही बाजूंना ओरडत नेलं.

त्या दिवशी चांगुणाच्या पाटीत अख्खा जिताडा होता. जिताडा म्हणजे खाडीतला राजा. असा मासा महिन्यातून एखाद्या वेळी पाटीत येतो, आणि तो एका माशात सगळा वाटा फेडतो. चांगुणाने टांगेवाल्याचं ऐकलं आणि उठली. घरात आई आली म्हटल्यावर मासळी हातात धरायची कशी? जिताडा, कोलंबी, चिंबोऱ्या, सगळं तिने तिथल्या तिथं वाटून टाकलं. फुकट. ज्याला पाहिजे त्याने उचललं. रिकामी पाटी काखेत मारून, हात धुऊन ती निघाली. तिच्या मागे बाजारातल्या सगळ्या कोळणी. एकीच्या हातात हळदकुंकू, एकीच्या हातात नारळ, एकीच्या हातात खण.

शाळेच्या फाटकातून ती वरात आत आली. मी दारात उभा, अंग लालेलाल, ताठ. म्हटलं, या.

चांगुणाने पोराच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, डोकं टेकलं. नाऱ्याने पाय मागे घेतले. पहिल्यांदा त्याला भीती वाटलेली दिसली. आईने पायावर डोकं ठेवलं की कोणत्याही पोराला वाटेल. मग एक म्हातारी कोळीण म्हणाली, सदरा काढ ग त्याचा, उघड्या अंगाने पाल्यावर निजव.

चांगुणाने सदरा काढला आणि झटकला. खिशातून दोन शेंगा पडल्या. वाकड्या, तपकिरी, वर मखमलीसारखी लव.

सगळ्या बायका वाकून बघू लागल्या. 

"ही तं खाजकुयली," म्हातारी म्हणाली.

खाजकुयली तुम्हाला माहीत असेल. रानातला वेल, शेंगेची लव अंगाला लागली की माणूस नाचतो. चांगुणाने कडुनिंबाच्या काडीने एक शेंग उचलली. आधी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बालारामदादा, तुमी कोलशेतचं ना?"

"हो."

"आग्री ना?"

"हो."

"तुमच्या गावात कुंपनाकुंपनावं हीच तं लोंबते. आन् तुमाला वलखू आली नाय?"

काय सांगणार? लहानपणी मी स्वतः ती शेंग चुलतभावाच्या अंथरुणात टाकलेली. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आई आली ती आली. मी शेंग बघितलीच नाही, पोराला बोलू दिलं नाही, आणि तोच सदरा छातीशी कवटाळून देवीने मला निवडलं म्हणून बसलो होतो.

चांगुणाने पोराचा कान धरला. कोणासाठी आणलेलीस? नाऱ्याने फक्त दाराबाहेर बघितलं. दाराबाहेर माझं स्टूल होतं. आदल्या दिवशी उशिरा आला म्हणून मी त्याला फाटकाबाहेर उभा केलेला.

मग हसणं सुरू झालं. कोळणी हसायला लागल्या की भिंतीचा चुना पडतो. म्हातारी बाहेर गेली आणि ओंजळभर शेण घेऊन आली. खाजकुयलीवर शेण चोळतात, दुसरा उपाय नाही. नाऱ्याला चोळलं, मला बंडी काढायला लावून चोळलं. बाईंनी आपला हात आपणच पुढे केला.

अशा वेळी हेडमास्तर कल्याणहून परत आले. दारात कडुनिंब, टेबलावर उदबत्ती, खोलीत कोळणी, बाकावर शेणाने माखलेला विद्यार्थी, आणि शेजारी शेणाने माखलेला शिपाई.

"आज कोणता सण?" त्यांनी विचारलं.

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "एक पोरगं आजारी पडलं होतं."

त्यांनी बाईंना विचारलं, तुम्ही काय केलंत? बाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलं होतं तसं बाळारामला विचारलं. हेडमास्तरांनी आपली घंटा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवली.

बायका हसत हसत गेल्या. चांगुणा राहिली. रिकामी पाटी समोर घेऊन पायरीवर बसली. रडली नाही.

"माजा जिताडा गेला, दादा," ती म्हणाली. "दिराला आता काय दाखवू?"

मी विहिरीवर अंग धुतलं आणि तिच्याबरोबर तिच्या दिराकडे गेलो. आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नव्हती. त्याला सांगितलं, चूक हिची नाही, माझी. काय झालं ते सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बाजार तू बुडवलास, तू भर. रविवारपरेंत हिची पाटी थांबवत नाय. त्याच्या म्होरं दुसरी बाई हाय."

आमच्या भावकीचं खाजण होतं, खाडीकाठची बांध घातलेली जमीन. भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला उघाडीशी, म्हणजे बांधाच्या झडपेशी, जाळं लावायचं. तिथं मासळी मिळते. दोन भरत्या मी कमरेएवढ्या चिखलात उभा राहिलो. पहिल्या भरतीला चिखलातल्या बारक्या निवट्या आणि चिखल. दुसरीला कोलंबी, बोई आणि एक जिताडा. चांगुणाच्या जिताड्यापेक्षा लहान नव्हता.

रविवारी पाटी डोक्यावर घेऊन कोलशेतहून ठाण्याला आलो आणि बाजारात तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं, झालं. ती म्हणाली, दादा, आज माजी पाटी आन् ही पाटी. दोन पाट्या एक बाई कशी इकनार? आणि बाजूला सरकून जागा केली.

बसलो. काय करणार?

मी फाटकावर बसतो तसाच बसलो. एक बाई आली, म्हणाली, ताजा आहे का? मी म्हणालो, शिळा असता तर आणला असता का? ती निघून गेली. दुसरी आली, कोलंबीला हात लावला. मी म्हणालो, हात लावायचा नाही. तीही गेली.

"दादा," चांगुणा म्हणाली, "गिऱ्हाईक हाय त्ये. उशिरा आलेला पोर नाय."

सगळी रांग पदरात हसत होती. मी आवाज खाली आणला. कोलंबी गेली, बोई गेल्या. जिताडा राहिला.

मग समोर एक पिशवी आणि ओळखीचं धोतर येऊन थांबलं. हेडमास्तर. मासे खाणारा माणूस, रविवारी बाजारात येणारच. त्यांनी जिताड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाळाराम, कसा दिला?"

मी भाव सांगितला. ते म्हणाले, काही कमी कर. मी म्हणालो, साहेब, भाव एकच. त्यांनी चांगुणाकडे बघितलं. ती म्हणाली, आज दुकान त्यांचं हाय, मास्तर, मला इचारू नका. त्यांनी पैसे मोजून दिले. मग पिशवी पुढे केली.

जिताडा त्यांच्या पिशवीत टाकला. आलेले पैसे सगळे चांगुणाच्या पदरात ओतले. तिने ते दिरासाठी वेगळे बांधले, पाटी पालथी घातली आणि म्हणाली, "झाला बाजार."

मी उठलो, धोतर झटकलं आणि कोलशेतच्या रस्त्याला लागलो.