मागच्या भिंतीचं माप

पाऊस कधी येणार हे हवामान खात्याच्या आधी आमच्या भाडेकरू बाईंना कळायचं, बाईंना कळलं की दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या पोस्टमनला कळायचं आणि मग मला सही करून ते कळून घ्यावं लागायचं. गंमत म्हणजे बाई राहायच्या माझ्या भिंतीला भिंत लावून. वडिलांनी बांधलेल्या माळवदाच्या चार खोल्या एका ओळीत; तिनांत आम्ही, शेवटच्या एकीत बाई आणि त्यांचं शिलाई मशीन. सकाळचा चहा आम्ही ओट्यावर बरोबरच घ्यायचो, पण छत दुरुस्त करा म्हणून आदल्या दिवशी पोस्टात टाकलेल्या पत्राबद्दल बाई चकार शब्द काढायच्या नाहीत. अकराच्या सुमारास पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन यायचा, बाई त्याला पाणी द्यायच्या, मी सही करायचो आणि लगेच आतून मशीनची खडखड सुरू व्हायची. एकदा मी म्हणालो, "बाई, चार पावलांवर राहता, तोंडानं सांगा की." तर म्हणाल्या, "तोंडानं सांगितलेलं तुमी ऐकता, सर. कागदावरचं तुमाला करावं लागतंय."

माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्याच्याखाली माणूस सुखानं झोपतो, पावसाळ्यात मात्र त्याची मर्जी सांभाळावी लागते. मृगाच्या आधी त्यावर नवी पांढरी माती टाकून चोपली नाही, तर ते गळणार म्हणजे गळणारच. ही माती कोणी टाकायची? आमच्याकडचा रिवाज, राहील त्यानं टाकायची. आधीच्या सगळ्या भाडेकरूंनी ती मुकाट्यानं टाकली होती. बाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं, "घर कुणाचं?" मी म्हणालो, "माझं." "मग माती बी तुमचीच." हे बळ त्यांना कळंबच्या एका वकीलबाईंनी दिलं होतं. त्यांचा काळा कोट बाईंनी कमरेत सैल करून दिला आणि शिलाईच्या बदल्यात कायदा विचारून घेतला. वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. लेखी नोटीस टाकून पंधरा दिवसांत त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. ही शेवटची अट मला माहीत नव्हती, ती बाईंनीच सांगितली. स्वतःच्या विरुद्ध जाणारा कायदाही समोरच्याला समजावून सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी मराठीचा मास्तर, वादात हरण्याची सवय नाही. एका चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेतून चुन्याचे खडे वेचून आम्ही सगळे परत येत होतो. संधी साधून मी म्हणालो, "बघा बाई, देवीच्या देवळाला लागणारा चुना भक्त वेचतात. देवी नोटिशीची वाट बघत नाही. राहणाऱ्यानं घराला चार पाट्या माती टाकली तर काय बिघडलं?" बाईंनी पदरातले खडे सावरले. मग म्हणाल्या, "देवी भाडं घेत न्हाय, सर." माझी बायको इतकी हसली की तिला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. त्या वर्षी मी मृगाच्या आठ दिवस आधीच माती टाकून घेतली.

बाईंच्या गळ्यात टेप कायम लोंबत असायचा आणि त्यानं त्या माणसांइतक्याच निष्ठेनं आमचं घर मापायच्या. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर ‘मागची भिंत’ या नावानं एक खातं होतं. ओल किती वर चढली हे त्या फूट-इंचांत लिहायच्या, पण बोलताना मात्र शिवणकामाची भाषा यायची. "ओल कमरेला होती, आता बगलेपर्यंत आलीया. गळ्याला लागली तर माझं कपाट भिजंल." गळतीची नावं त्यांनी खाली ठेवायच्या भांड्यांवरून पाडली होती. परात म्हणजे मोठी, तांब्या म्हणजे किरकोळ. "परातीचा तांब्या झाला, बरं काम केलं माणसांनी," अशी शाबासकीही मिळायची. बाकी काही गळलं तरी त्या निभावून नेत, पण मशीनच्या वर गळलेलं त्यांना खपत नसे. माळवदातून येणारं पाणी माती घेऊन येतं आणि त्याचा तांबूस डाग रेशमावरून जन्मात जात नाही. "लोकांची कापडं हायत माझ्याकडं. एक डाग पडला की गिऱ्हाईक तुटतंय. गिऱ्हाईक तुटलं की हितं राहून म्या खाऊ काय?" त्यांचा सगळा झगडा एवढ्यासाठी होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

अकरा वर्षांत त्यांनी एकदाच मृगाआधी पत्र टाकलं नाही. त्या वर्षी मी निवृत्त होत होतो, घरात सत्काराची गडबड होती. बाईंना माझी दया आली आणि त्यांनी चहा पिता पिता तोंडानं सांगितलं. मी "हो हो" म्हणालो, माळवदावर एक मेणकापड पसरलं आणि विसरलो. बाईंनी वर बघून एवढंच म्हटलं, "हे ठिगळ झालं. ठिगळ म्या बी लावते, पण सांगून लावते." नवरात्राच्या तोंडावर आठ दिवसांची झड लागली, मेणकापड वाऱ्यानं फाटलं आणि मशीनवर पहिला थेंब पडला तो नेमका माझ्या बायकोच्या मोरपंखी ब्लाऊजवर. भाच्याच्या लग्नासाठी तिनं ते कापड तुळजापूरहून आणलं होतं. दुसरी कोणी असती तर डागावर बुट्टी काढून गप्प बसली असती. बाई ब्लाऊज घेऊन सरळ आमच्याकडे आल्या. "वहिनी, कापड तुमचं, डाग तुमच्या माळवदाचा. शिलाई तेवढी माझी, ती द्या." बायकोनं शिलाई दिली. पूर्ण लग्नात ती पाठीवरून पदर ओढून बसली.

डाग पडला त्याच संध्याकाळी मी ओशाळून बाईंना म्हणालो, "या महिन्याचं भाडं राहू द्या." त्यांनी भाडं माझ्या हातावर ठेवलं. "उपकार नगं, सर. छत नीट करा. आन् चूक माझी बी हाय, म्या तोंडानं सांगितलं." त्या भर पावसात पत्र पिशवीत गुंडाळून पोस्टात गेल्या. पंधरा दिवसांत चिखलामुळे मला मातीचा ट्रॅक्टर मिळाला नाही. खरं सांगायचं तर मी फारसा शोधलाही नाही. सोळाव्या दिवशी उघडीप पडली, तेव्हा डोक्यावर धपधप आवाज येऊ लागला. बाहेर येऊन पाहतो तर कासोटा घालून बाई माळवदावर, सोबत दोन मजूर बायका आणि दारात मातीचा ढीग. मला बघून म्हणाल्या, "आलाच हाय तर पाट्या वर द्या." मी दुपारपर्यंत पाट्या देत राहिलो. संध्याकाळी हिशोबाचा कागद आला. दोघींची मजुरी, माती आणि शेवटी एक ओळ, ‘मालक स्वतः राबले, मजुरी निरंक.’ तो कागद मी अजून ठेवला आहे.

दोन वर्षांपूर्वी बाई लेकीकडे सोलापूरला गेल्या. तिथं स्लॅबचं घर आहे. फोनवर म्हणाल्या, "कोरडं ठणठणीत हाय, सर. करमत न्हाय." त्यांच्या खोलीत आता एक नवं जोडपं आलं आहे. मुलगा ढोकीच्या साखर कारखान्यात लागलाय, मुलगी घरीच असते, दोघंही फार गरीब स्वभावाची. यंदा वैशाखात पोस्टमन आला नाही आणि मीही माती टाकली नाही. विसरलो म्हणणं खोटं होईल. कोणी मागितली नाही, म्हणून टाकली नाही.

परवा संततधार होती. मीटर बघायला म्हणून मी त्या खोलीत गेलो. कोपऱ्यात पातेलं होतं आणि पातेल्यात फडकं घातलेलं होतं. मी विचारलं, फडकं कशाला? मुलगी खाली बघत म्हणाली, "थेंबाचा आवाज तुमच्याकडं यिऊ नये म्हणून, काका. चालतंय आमाला." बाई असत्या तर या पोरीला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं असतं, आणि त्याआधी मला. मी घरातून कागद आणि पेन आणलं, तिला दिलं आणि म्हणालो, "लिही. मालकाला लिही, छत गळतंय म्हणून." ती घाबरली. "आमाला काढणार तर न्हाय ना?" मी म्हणालो, "नाही. लिही." तिनं खूप विचार करून पहिली ओळ लिहिली, ‘आदरणीय काका, तसदीबद्दल क्षमस्व.’ मी तिच्या हातातलं पेन घेतलं, ‘काका’ खोडून ‘मालक’ केलं, पुढचे दोन शब्द साफ खोडून टाकले आणि पेन परत दिलं.

"हं, आता लिही पुढं," म्हणालो.