आधी ठोठावा, सर

चाचा कुठल्याही गाडीचं बॉनेट एकदम उघडत नसत. आधी उजव्या हाताच्या पेरांनी त्यावर तीनदा टकटक करायचे, मग दोन पावलं मागं सरायचे आणि मान किंचित वाकडी करून उभे राहायचे. उभे म्हणजे चांगले मिनिटभर. पहिल्या दिवशी हा प्रकार पाहून माझं डोकंच फिरलं. "चाचा, गाडी आमची, उभी आमच्या दारात. तुम्ही ठोठावताय कोणाला?" चाचा शांतपणे म्हणाले, "गाडी तुमचीच आहे सर, पण राहतंय कोण? न सांगता घुसलो तर तो घाबरून माझ्या तोंडावरच उडी मारेल. बालबच्चेवालं घर आहे, सावरायला वेळ द्यायला नको?" तेवढ्यात पुढच्या चाकामागून घूस म्हणावी एवढा एक उंदीर धपकन खाली पडला आणि पेन्शनर माणसासारखा निवांत कंपाउंडच्या भिंतीकडे चालू लागला. त्याच्यामागून आणखी दोन आले. चाचांनी तिघांनाही जाऊ दिलं आणि मगच बॉनेटला हात लावला.

चाचांचं बॅटरी-वायरिंगचं दुकान पांझरा नदीच्या पुलापलीकडे, जुन्या धुळ्यात. आम्ही अलीकडे, देवपुरात. मेंदीनं लाल केलेली दाढी, खिशाला टेस्टर आणि चष्म्याच्या तुटलेल्या काडीच्या जागी तांब्याची वायर, असा त्यांचा थाट. घरी हिंदी बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मर्मावर बोट ठेवायचं असलं की अहिराणी. गाडीतले उंदीर काढणारा आपल्यासारखा माणूस धुळ्यात दुसरा नाही, असं ते स्वतःच सांगत, त्यामुळे ते कोणी तपासायला गेलं नाही. उंदरांवर त्यांचा राग मात्र नव्हता. "काम बघा त्याचं," कुरतडलेली वायर बोटावर धरून ते म्हणायचे, "एक दिवस सुट्टी नाही. आमच्या धंद्यात असा कारागीर भेटत नाही."

आमची गाडी म्हणजे आबांची ॲम्बेसेडर. आबा, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. तिथल्या मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा त्याची साईच्या रंगाची जुनी ॲम्बेसेडर आबांनी घेतली, आणि त्या दिवसापासून आपल्याला दोनाची तीन लेकरं झाली असं आई म्हणते. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा स्वतः सावद्याला जाऊन माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, या गाडीतून माहेरी आणायचे. मग मोतीबिंदू झाला, साखर वाढली, पायांना मुंग्या यायला लागल्या आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करून टाकलं. गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. आबा मात्र रोज दुपारी फडकं घेऊन "गाडी पुशी येस" म्हणून जायचे आणि तासाभरानं परतायचे. तेवढ्या वेळात रेल्वेचा डबा पुसून झाला असता. पण आम्ही कधी काही विचारलं नाही. पथ्यापायी गूळ गेला, शेंगा गेल्या, स्टिअरिंग गेलं. म्हाताऱ्याला आपलं म्हणायला ती गाडीच काय ती उरली होती.

आणि तिच्यात उंदीर शिरले. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा हा प्रश्न मी विज्ञानानं सोडवणार हे ओघानंच आलं. उंदरांना सोसत नाही असा आवाज काढणारं यंत्र मी मोबाईलवरून मागवलं. ते चालू असताना जरा गरम व्हायचं, म्हणून थंडीत उंदीर त्याला टेकून झोपू लागले. मग चिकट पुठ्ठा आणला. त्यावर पहिल्यांदा माझी चप्पल अडकली, नंतर शेजाऱ्यांचं मांजर, आणि शेजाऱ्यांशी आमचं बोलणं आठवडाभर बंद झालं. शेवटी विषाची पुडी घेऊन आलो, तेव्हा आबा पहिल्यांदा चिडले आणि त्यांनी चाचांना बोलावणं धाडलं. चाचांनी पुडी माझ्या हातातून काढून घेतली. "जहर खाऊन तो तुम्हाला सोयीचं पडेल तिथं मरत नाही, सर. जिथं कोणाचा हात पोचत नाही तिथं जाऊन मरतो. मग तीन महिने नाक धरून बसा गाडीत."

त्यांची रीत वेगळीच होती. मागची सीट उचलून त्यांनी ओट्यावर ठेवली, आतलं घरटं अलगद बाहेर काढलं आणि वर्तमानपत्र पसरून त्याचा पंचनामा सुरू केला. आत चार गुलाबी पिल्लं निघाली. ती त्यांनी बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात ठेवून खोकं भिंतीकडेला नेलं. "आई येऊन घेऊन जाईल," म्हणाले. मग एकेक चिंधी उलगडू लागले. "हा काथ्या सीटचा. हा कापूस शेजाऱ्यांच्या गादीचा असणार." आबांनी तो चिमटीत धरून ताणून पाहिला. "लांब धागाना शे," ते म्हणाले, "आपली गादीमा असा कापूस कथा?" त्यानंतर कागदाचे कपटे निघाले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आठवीच्या चाचणीचा जो गठ्ठा शाळेतून गहाळ झाला असं मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं होतं, तो हा होता. एका कपट्यावर 'सस्तन प्राण्यांची लक्षणे' एवढंच शिल्लक होतं. "याला किती मार्क दिले होते, सर?" चाचांनी विचारलं. मी तो कपटा घाईनं खिशात घातला.

पंचनामा आटोपला की चाचांचा एकच सवाल असे: "गाडीत खायला काय ठेवलंय?" उंदीर फुकट कुठं राहत नाही, जेवणाची सोय बघूनच बिऱ्हाड करतो, असं त्यांचं म्हणणं. मी कानावर हात ठेवले. आबा लिंबाच्या झाडाकडे बघू लागले. आई आधी काही नाही म्हणाली, मग तिची चुळबुळ सुरू झाली आणि शेवटी तिनं डिकीची किल्ली आणून दिली. आत कुरडयांचे दोन डबे आणि उडदाच्या पापडांची चवड. "घरात कोणी ना कोणी हात घालतं," आई म्हणाली, "डिकीला कुलूप तरी असतं." पापडांच्या चवडीला मधोमध आरपार बोगदा पडला होता. चाचा हसले नाहीत. त्यांनी सगळं बाहेर काढलं, फिनाईलनं गाडी धुतली, भोकांना बारीक जाळी ठोकली, वायरी बदलल्या आणि चार दिवस बॉनेट उघडं टाकून आत ऊन खेळू दिलं. निघताना म्हणाले, "उभी गाडीले दुसरा धनी भेटस, भाऊ. तिला फिरवत जा." मी मान डोलावली आणि अर्थातच फिरवली नाही.

महिनाभरात उंदीर परत आले. आता माझा संयम सुटला. होळीच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांच्या देखत मी जाहीर केलं: "आखाजीपर्यंत उंदीर गेले नाहीत तर गाडी भंगारात!" आबा फडकं घेऊन शेडकडे गेले, ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. चाचांना पुन्हा बोलावलं. त्यांनी टकटक केली, थांबले, बॉनेट पाहिलं, मग मागच्या सीटखाली हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. काढला तेव्हा मूठ बंद होती. ती त्यांनी तशीच कुडत्याच्या खिशात नेली. आबा दारातून बघत होते. "काय सापडलं?" मी विचारलं. "काही नाही," चाचा म्हणाले. "माझा हात चुकला, सर. जाळी बरोबर बसली नव्हती." चाचांनी चूक कबूल केल्याचं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. मी बराच टाकून बोललो. एवढा नावाजलेला कारागीर आणि साधी जाळी बसवता येत नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आखाजीपर्यंत मुदत आहे ना? मग शुक्रवारी माझं दुकान बंद असतं, मी येत जाईन. फक्त आबांना सोबत द्या. जुनी गाडी आहे, मालक बसलेला लागतो."

त्यानंतर दर शुक्रवारी नमाजनंतर चाचा यायचे. पांढरा कुडता, डोळ्यांत सुरमा. स्टिअरिंगवर ते आणि मागच्या सीटवर आबा, जिनिंगच्या मालकासारखे रेलून. नकाण्याच्या तलावापर्यंत फेरी मारून दोघं तासा-दीड तासानं परत यायचे आणि चाचा जाण्यापूर्वी गाडी आतून झाडून जायचे. नवल म्हणजे आबांचं रोज दुपारी गाडी पुसायला जाणं बंद झालं. शुक्रवारी सकाळपासूनच ते दाढी करून तयार बसत. आईला संशय येई, पण तपासणीत साखर उतरलेली दिसे, त्यामुळे ती गप्प राही. आखाजीच्या आदल्या दिवशी तीच गाडी, चाचा चालवत आणि आबा मागं बसून, सावद्याला गेली आणि अक्काला घेऊन आली. मांडीवर केळ्यांचा घड घेऊन अक्का उतरली आणि म्हणाली, "गाडीत उंदीर आहेत म्हणत होतास, कुठं आहेत?" नव्हतेच. भंगारवाल्याचा नंबर मी मोबाईलमधून पुसून टाकला.

अशी दोन वर्षं गेली. गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता आबा गेले. फार हाल झाले नाहीत. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी दारात पाहतो तर चाचा. "गाडीला कुठं माहीत आहे?" म्हणाले. "तिची फेरी चुकवू नये." मी त्यांच्या शेजारी बसलो. तलावाच्या बांधावर गाडी थांबवून त्यांनी खिशात हात घातला आणि भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा बाहेर काढल्या. दोघांपुरत्या होत्या. त्या ओंजळीत धरून म्हणाले, "तुम्ही सायन्सवाले ना, सर? बघा." एका शेंगेच्या टोकाला त्यांनी अंगठ्यानं दाब दिला. कट्कन दोन होड्या झाल्या. "ही माणसानं फोडलेली. उंदीर टोकाशी जात नाही, कडेनं भोक पाडतो, कडा दातऱ्या राहतात. त्या दिवशी तुमच्या सीटखाली मूठभर होड्या होत्या. आणि कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा."

रोज दुपारचं ते गाडी पुसणं काय होतं, हे विज्ञानाच्या मास्तराला तेव्हा कळलं. "मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. "सांगितलं असतं तर तुम्ही गाडीतून उंदरांना काढलं असतं आणि आबांनाही," चाचा म्हणाले. "मग आबांशीच करार केला. गूळ बंद. शेंगा मूठभर, त्याही शुक्रवारी, इथं बांधावर. आबा पक्के होते, कधी दुसरी मूठ मागितली नाही. माझा हात चुकला म्हणालो, त्यानं माझं काय गेलं?" त्यांचं काय गेलं होतं ते मला माहीत होतं. सगळ्यांदेखत मी त्यांना काय काय बोललो होतो ते शब्द न शब्द आठवत होतं. मला रडू आलं, आणि ते आबांसाठी होतं तेवढंच माझ्या लाजेपोटीही होतं. मी माफी मागितली. चाचांनी माझ्या हातावर चार शेंगा ठेवल्या.

या हिवाळ्यात चाचांचे हात थरथरायला लागले. बारीक वायर जोडता येईना. मुलगा सुरतेला असतो, त्यानं बोलावून घेतलं. दुकानाचं शटर कायमचं ओढल्यावरच्या शुक्रवारी ते शेवटचे आले आणि किल्ली माझ्या हातात देऊन मागच्या सीटवर बसले, आबांच्या जागी. मी गाडी चालवली. उतरताना त्यांनी दोन अख्ख्या शेंगा मागच्या काचेखालच्या फळीवर शेजारीशेजारी ठेवल्या. "चाचा, उंदीर येतील की!" मी म्हणालो. "गाडी फिरत राहिली तर कशाला येतील? एक आबांची आहे, एक माझी. जोवर या साबूत, तोवर तुम्हाला आमची आठवण आहे असं मी समजेन." एवढं बोलून हसले आणि रिक्षात बसून पुलाच्या दिशेनं गेले. मी त्यांना गाडीनं घरापर्यंत सोडायला हवं होतं, हे रिक्षा वळल्यावर सुचलं.

मी दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर गाडी काढत होतो, खरंच काढत होतो. पण मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासायला आले आणि दोन शुक्रवार हुकले. तिसऱ्या शुक्रवारी शेडमध्ये गेलो, तर फळीवर एक शेंग साबूत आणि दुसरीला भोक. कडेनं. टोकाला नाही. मी तिथूनच सुरतेला फोन लावला.

"चाचा, आले."

पलीकडून त्यांचं ते खोकल्यासारखं हसणं. "कितला शुक्रवार हुकनात?"

"दोन."

"कोणाची शेंग खाल्ली?"

"कळत नाही. दोन्ही सारख्याच होत्या."

"आबांचीच असणार. कोणी मागायला आलं की त्यांना नाही म्हणता यायचं नाही." मग त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला. "आता घाईनं बॉनेट उघडू नका. आधी ठोठावा, सर. फोन चालूच ठेवा, मी आहे."

मी फोन बॉनेटवर ठेवला. पेरांनी तीनदा टकटक केली, दोन पावलं मागं सरलो आणि मान किंचित वाकडी केली. फोनमधून सुरतेच्या कुठल्याशा रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. आम्ही दोघंही वाट बघत उभे राहिलो.