मधाईचा धूर

माणसांबद्दल कडूबाभाऊ कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. खोटं बोलले ते एका दगडाबद्दल, आणि तेही एकदाच. मी तेव्हा शेजारीच उभी होते. ते खोटं मला लगेच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर फार आवडलंही होतं. म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं. नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईनं कुणाचं आयुष्य सांगायला बसावं, एवढी माझी ऐपत नाही.

कोळदरी हे गाव धाडहून जीपनं अर्ध्या तासावर. मी मूळची बुलढाण्याची, इथे नोकरीला आले त्याला नऊ वर्षं झाली. कडूबाभाऊ वनखात्यात रोजंदारीवर चौकीदार होते. उन्हाळाभर वणवे विझवायचे, हिवाळ्यात अस्वलाच्या वाटा बघायच्या, असं आयुष्य गेलेलं. साठीला काम सुटलं आणि हा माणूस घरात मावेना. त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनीच मला गळ घातली. "मॅडम, याह्यले कुठी तरी गुंतवा. घरात असले का भांडे मोजतात."

त्यातून गावफेरी निघाली. दर रविवारी सकाळी सातला शाळेसमोर जमायचं. मुलं एकटी यायची नाहीत, घरचं कुणीतरी मोठं सोबत हवंच, हा कडूबाभाऊंचा नियम. बारवेपासून सुरुवात, मग निजामाच्या हद्दीचा दगड, मग मोहाच्या झाडावर अस्वलानं नख्यांनी ओढलेले ओरखडे आणि शेवटी काळकडा. आधी गावातली चार घरं आली. मग धाडची, चिखलीची मंडळी यायला लागली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आयाबाया हद्दीच्या दगडाला पहिल्यांदा हात लावून बघायच्या, तेव्हा कडूबाभाऊ खूश व्हायचे. कुणी मोठ्यानं बोललं की भडकायचे. "जंगल काय तुमच्या लग्नाले आलं हाय? चूप बसा." आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की सरळ म्हणायचे, "हे मले ठाऊक नाही." इतकं सोपं वाक्य मला वर्गात कधी जमलं नाही.

त्यांची एक सवय होती. काळकड्याखाली पोचलं की ते चिमूटभर माती उचलून हळूच सोडायचे आणि ती कुठे जाते ते बघायचे. सकाळी वारा कड्यावरून खाली दरीत उतरतो, ऊन तापलं की उलटा वर चढतो. वणवा विझवणाऱ्याला हे आधी कळावं लागतं, असं ते मुलांना सांगायचे.

काळकड्याखाली एक उभा दगड आहे. त्यावर कोपरात वाकलेला बाईचा हात कोरलेला, मनगटात बांगड्या. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईसाठी असे दगड उभारत. कोळदरीतल्या बायका त्याच्यावर वाकळा आपटून धूत. श्रावणातल्या एका फेरीत चिखलीची इरा नावाची सहा-सात वर्षांची मुलगी त्या दगडासमोर थांबली. "आजोबा, हा कोणाचा हात?"

कडूबाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि उजव्या कानाची पाळी ओढत म्हणाले, "मधाईचा."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. पेंढारी गाव लुटायला आले. पुरुष शेतात. मधाई एकटी या कड्याखाली आली, तिनं गोवऱ्यांचा धूर केला आणि आग्यामोहोळ उठवलं. माशा तिच्या शब्दातल्या. गावाच्या माणसाला एकही चावली नाही, पेंढारी मात्र घोडे टाकून पळाले. धुरात मधाईचा हात तेवढा दिसत राहिला, तोच हा. मागे विमलबाईही उभ्या होत्या. श्रावणात कडा रिकामा असतो, माशा दिवाळीनंतर येतात. वर फक्त जुन्या पोळ्यांचे काळे डाग होते.

परतताना मी विचारलं, "हे कुठून काढलंत?"

"त्या लेकराले काय सांगू मॅडम, इले जाळली म्हणून? आन्‌ बाईचा हात हाय, बांगड्या हायत, नाव नाही. म्या देलं एक नाव. कोनाचं काय गेलं?"

कुणाचं काही गेलं नाही असं मलाही वाटलं. माझ्या अक्षराचं गावात कौतुक आहे. मी ती गोष्ट सुवाच्य अक्षरात शाळेच्या फलकावर लिहिली, थोडी माझ्या पदरची मीठमिरची लावून, आणि फोटो काढून फेरीच्या ग्रुपवर टाकला. आठवडाभरात तो देऊळगाव राजापर्यंत पोचला होता.

पुढच्या रविवारी दगडावर हळदकुंकू होतं. त्याच्या पुढच्या रविवारी शेंदूर. मग नारळ फुटायला लागले, आणि गोष्टीत मधाईनं धूर केला होता म्हणून लोक धूर करायला लागले: गोवरी, तिच्यावर ऊद, वर कडुनिंबाचा पाला. कडूबाभाऊ आधी हसले. "पाह्यलं का? काल वाकळा आपटत होत्या, आज हात जोडून राह्यल्या. दगड तर वाचला." मीही हसले. माझं ते हसणं आता आठवलं की माझीच मला चीड येते.

त्याच दिवसांत विमलबाईंनी नवस बोलला. त्यांची मुलगी रुपाली देऊळगाव राजाला दिलेली. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा मूल हाती लागलं नव्हतं. आता सातवा महिना होता. बाळ सुखरूप झालं तर पाचव्या महिन्यात त्याचं जावळ मधाईपुढे काढीन आणि माझ्या हातानं धूर घालीन, असं त्या बोलल्या. कडूबाभाऊंनी हे मला शाळेच्या पायरीवर बसून सांगितलं.

दसऱ्याला रुपालीला मुलगी झाली. चांगली तीन किलोची.

दिवाळी झाली आणि काळकड्यावर पहिलं मोहोळ बसलं. फेरीत कडूबाभाऊंनी वर बोट केलं आणि फक्त "एक" म्हणाले. दोन आठवड्यांनी चार झाली. मार्गशीर्षात सात. परातीएवढी काळी पोळी कड्याला लटकत होती. मधूनच त्यांच्यावरून थरथर पळायची आणि खालपर्यंत सर्र असा आवाज यायचा. कडूबाभाऊंनी फेरी शंभर पावलं अलीकडेच थांबवायला सुरुवात केली. लोक मात्र पुढे जाऊन धूर करत.

त्यांनी हात जोडून सांगितलं, रागावून सांगितलं. गावातले जाणते म्हणवणारे हिंमतराव त्यांना म्हणाले, "कडूबा, तूच सांगतलं ना, माशा मधाईच्या शब्दातल्या हायत? मंग तिच्या मान्साले कायले चावतीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच हिंमतरावांनी मुद्दाम मोठा धूर केला. वारा दरीकडे होता, धूर खाली गेला, वर माशी हलली नाही. झालं, गावाला पुरावाच मिळाला.

"आता तरी सांगा," मी म्हणत असे. "निदान घरी तरी."

"सांगतो, सांगतो."

"कधी? तान्हं बाळ आणणार आहेत त्या कड्याखाली."

"मॅडम, चाळीस वर्स झाले लग्नाले. माह्या एकाही शब्दावर तिनं कधी शंका घेतली नाही. आन्‌ ते पोरगी तिले मधाईनं देली वाटते. मी कोन्त्या तोंडानं सांगू?"

मग मी का नाही सांगितलं? फलकावरचं अक्षर माझं होतं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. माघ लागला तेव्हा कड्यावर अकरा मोहोळं होती.

जावळाचा रविवार ठरला. कडूबाभाऊंनी एकच गोष्ट मिळवली होती: सकाळी सात वाजता, वारा खाली असतानाच सगळं उरकायचं. त्यांच्या मनात असं की गोष्टही मोडायला नको आणि धूरही वर जायला नको. पण जावयाच्या मंडळींची जीप देऊळगाव राजाहून निघतानाच पंक्चर झाली. ती कोळदरीत आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं, पुढच्या रविवारी करू. पण कोण ऐकणार? न्हावी बसलेला, स्वयंपाक झालेला, वीस-बावीस माणसं नवे कपडे घालून उभी.

कड्याखाली पोचल्यावर कडूबाभाऊंनी माती उचलली आणि सोडली. ती त्यांच्या तोंडावरून वर गेली.

जावळ निघालं. बाळ रडलं नाही, टकामका बघत राहिलं. विमलबाईंनी गोवरी मांडली आणि कडूबाभाऊ त्यांच्या आणि दगडाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "थांब. मधाई कोनी नाही. म्या बनवली ते गोष्ट. पेंढारी नाही, माशा नाही, काही नाही. या मॅडमले इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. "हो, खरं आहे." हिंमतराव ओरडले, "देवीच्या तोंडावर असं बोलते काय बे?"

विमलबाई मात्र शांत होत्या. "मले माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"काय माहीत हाय?"

"तुमी बनवली ते. त्याच दिशी समजलं मले. कान ओढत होते तुमी. लग्नाच्या दिशीही 'भूक नाही' म्हणताना असाच ओढला होता."

"मंग नवस काऊन बोलली?"

"रुपालीसाठी कोनाले तरी हात जोडाचे होते ना मले. बाकीच्या देवाईले दोनदा जोडून झाले होते." त्यांनी काडी ओढली. "तुमी बनवली, म्या मानली. पोरगी तर खरी हाय. आता बोललेलं फेडू द्या मले."

गोवरीनं पेट घेतला, उदाचा वास आला, आणि धुराची बारीक रेघ दगडावरून, शेंदरावरून सरळ कड्याकडे निघाली. ती रेघ बारीकच होती. कदाचित तेवढ्यानं काही झालंही नसतं. पण कडूबाभाऊंचे हात आयुष्यभर एकच काम शिकलेले. त्यांनी शेजारची पाण्याची कळशी उचलली आणि आगीवर ओतली.

पेटलेल्या गोवरीवर पाणी पडलं की काय होतं ते चुलीपुढे बसलेल्या कोणत्याही बाईला विचारा. पांढरा जाड धूर एकदम उठला आणि अकराच्या अकरा मोहोळांत शिरला.

वर सर्र झालं, मग तो आवाज थांबलाच नाही. मी पळाले. हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी ते लिहिणार नाही. पळताना एकदाच मागे पाहिलं. विमलबाईंनी बाळाला पोटाखाली घेऊन जमिनीवर अंग टाकलं होतं, लुगड्याचा घोळ चारी बाजूंनी खोचून घेतला होता, आणि कडूबाभाऊ त्यांच्या पाठीवरच्या माशा उघड्या हातांनी ओरबाडत होते.

बाळाला दोन माशा चावल्या. ते जगलं, आता बसायला लागलं आहे. विमलबाईंनी धाडच्या पुढे, बुलढाण्याच्या वाटेवर जीपमध्येच जीव सोडला. कडूबाभाऊ दवाखान्यातून नऊ दिवसांनी घरी आले, तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

मला वाटलं होतं की आता तरी हे संपेल. पण कडूबानं देवीला खोटं म्हटलं, तिचा धूर विझवला, म्हणून माशा उठल्या, असं गावात ठरलं होतं. आधी तर कधी उठल्या नव्हत्या ना? मी फलक पुसून टाकला, पण फोटो शेकडो फोनांत आहेत. महिन्याभरात मोठ्या दगडाशेजारी एक लहान दगड उभा राहिला. त्याला शेंदूर, हिरव्या बांगड्या. नाव धाकटी मधाई. तिची गोष्टही ग्रुपवर आली. लिहिणारा दुसराच कुणीतरी होता, पण वाक्यांची घडण माझी होती.

फेरी बंद झाली. कडूबाभाऊ मात्र रविवारी काळकड्याखाली जाऊन बसतात. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की मधाई खोटी आहे, धूर करू नका. लोक त्यांना लांबून नमस्कार करतात. देवीचा कोप झालेला माणूस, असं मुलांना दाखवतात.

गेल्या रविवारी मी धीर करून गेले. त्यांच्याशेजारी बसले. ऊन चांगलंच चढलं होतं. बाहेरगावचं एक कुटुंब आलं. त्यांच्यातल्या लहान मुलीनं लहान दगडाकडे बोट करून विचारलं, "आजोबा, ही कोण?"

कडूबाभाऊंचा हात कानाकडे गेला नाही. "हे विमल हाय," ते म्हणाले. "माही बायको. देवी नाही. तिले मिरचीचा ठेचा लय आवडे. नाव ध्यानात ठेव बरं बाई, विमल."

"हात जोड," तिच्या वडिलांनी मुलीची मान खाली केली. तिच्या आईनं पिशवीतून गोवरी काढली.

मी चिमूटभर माती उचलून सोडली. ती वर गेली. मी उठले, ओरडले, गोवरी हिसकून घेतली. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं पिशवीतून दुसरी काढली.