मे महिन्यातला स्वेटर

मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर लोकरीचा स्वेटर पसरणारी मुलगी दिसली, तर लोक म्हणतील, हिला ऊन लागलंय. म्हणून मी तो संध्याकाळी, कोणी बघत नाही असं पाहून, पाण्याच्या टाकीमागे पसरला. डांबरगोळ्यांचा वास मात्र लपवता आला नाही.

पुण्याच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. दुसरीकडे धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या चर्चच्या ओळखीचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथे मी सुट्टीतल्या शिबिराला इंग्रजी शिकवायला गेले होते, आणि आता त्यांना कायमची शिक्षिका हवी होती. निघताना तिथे स्वयंपाक करणारी अक्का म्हणाली होती, "परत येशी ना, बाई? बठ्ठ्या पोरी तुनी वाट दखतीन." सगळ्या मुली माझी वाट बघणार होत्या. मी हसले. हसण्यातून हो किंवा नाही यांपैकी काहीच निघू नये, याचा मला उत्तम सराव आहे.

पप्पा दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. पुण्याची बातमी त्यांनी चर्चमध्ये, किराणा दुकानात आणि सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सांगून टाकली होती. शाळेत मला वादविवाद स्पर्धेत बक्षिसं मिळाली होती, प्लॅस्टिक बंदीच्या बाजूने आणि पुढच्या वर्षी विरोधात. पण 'पप्पा, मला पुण्याला जायचं नाही' हे वाक्य मला ना इंग्रजीत जमत होतं, ना मराठीत.

तेव्हा संडे स्कूलमध्ये ऐकलेली गोष्ट आठवली. एक भित्रा माणूस शत्रूला घाबरून लपून गहू झोडत असतो. देव त्याला मोठं काम सांगतो, तर हा म्हणतो, आधी खूण दाखव. रात्री खळ्यात लोकर ठेवतो, सकाळी लोकर दवाने ओली आणि जमीन कोरडी असेल तर खरं मानीन. मला हा माणूस लहानपणापासून जवळचा वाटतो. आमच्या घरात लोकरीची वस्तू एकच होती. मी प्रार्थना केली: स्वेटर ओला झाला तर वसतिगृह, कोरडा राहिला तर पुणे.

जळगावात, मे महिन्यात, दव! तेव्हा मला वाटलं, काय माझा विश्वास! आता वाटतं, पप्पांना काही सांगावं लागू नये याची मी चोख व्यवस्था केली होती, आणि वर देवाची सही मागत होते.

सकाळी स्वेटर ओलाचिंब होता. बाहीतून पाणी ठिबकत होतं.

मी टाकीला टेकून खाली बसले. हसू येत होतं, डोळेही भरले होते. डोळ्यांसमोर वसतिगृहातल्या मुलींची जेवणाची रांग आली, हातात ताटल्या. तेवढ्यात गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडून आमच्या घरमालकीणबाईंचा आवाज आला. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, आणि उन्हाळ्यात गच्ची त्यांच्या पापडांची.

"बेटा, तो स्वेटर तुझा काय? किती धूळ बसली होती! पापड घालायचे म्हणून गच्ची धुतली, तर त्याच्यावरून पण पाईप फिरवला."

"थँक यू, आंटी," मी म्हणाले. देवाच्या खुणेवर पाईप फिरवणाऱ्या बाईचेही मी आभार मानते. शाळेचे संस्कार.

गोष्टीतल्या माणसाने दुसऱ्या रात्री उलटी खूण मागितली होती. मीही मागितली. सकाळी स्वेटर ना ओला होता ना कोरडा. तो गच्चीवर नव्हताच. आंटींनी घडी घालून मम्मीकडे पोचवला होता.

मम्मी वर्षाचे गहू निवडत बसली होती. "हा काय प्रकार आहे?"

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, तिने फक्त सूप बाजूला ठेवलं. "देवाला दोनदा विचारलंस. पप्पांना किती वेळा?"

"एकदाही नाही."

"म्हणजे देवाला कमी घाबरतेस."

"देव मध्येच टीव्हीचा आवाज वाढवत नाही ना, मम्मी."

त्यावर मात्र ती हसली.

आमच्याकडे जेवणाआधी घरची प्रार्थना होते. प्रत्येकाने आळीपाळीने, डोळे मिटून, मोठ्याने. तोंडावर न बोलता येणाऱ्या गोष्टी आमच्या घरात याच मार्गाने एकमेकांकडे पोचतात. 'प्रभू, ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यांना सद्बुद्धी दे,' असं मम्मी वर्षानुवर्षं मागते, आणि पप्पा वर्षानुवर्षं आमेन म्हणतात. रविवारी संध्याकाळी माझी पाळी आली, तेव्हा मी डोळे इतके घट्ट मिटले की कपाळ दुखलं.

"प्रभू, पुण्याच्या नोकरीसाठी तुझे आभार. पण मला तिथे जायचं नाही. मला त्या मुलींना शिकवायचं आहे. खूण मिळालेली नाही. तरी मला जायचं आहे. पप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्याबद्दल मला वाईट वाटतं. आमेन."

मम्मी आमेन म्हणाली. पप्पा म्हणाले नाहीत. पुढची पाळी त्यांचीच होती. मी डोळे उघडले नाहीत. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

"प्रभू," पप्पा म्हणाले आणि घसा खाकरला. "तिकडे नेटवर्क नसतं. हिला दर रविवारी रस्त्यावर येऊन फोन करायची बुद्धी दे. लोकांना काय सांगायचं ते मला सुचव." मग पुन्हा थांबले. वाटलं, संपली प्रार्थना.

"आणि डोंगराजवळ थंडी जास्त असते. तो स्वेटर बरोबर न्यायची हिला आठवण दे."