आतोबांचे पट्टे
माणसाला ताकद द्यायची तर आधी त्याचं रक्त अडवलं पाहिजे, असं मनापासून मानणारा अख्ख्या हैदराबादेत एकच माणूस होता, आणि तो आमच्याच घरात निघावा हे आमचं भाग्य की भोग, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. माझ्या आत्याचे ते यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. विद्यापीठात शिकायला मी नांदेडहून त्यांच्या विद्यानगरच्या घरी राहायला आलो, तेव्हा दार उघडणाऱ्या आतोबांच्या दोन्ही दंडांना पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाचे पट्टे आवळलेले होते आणि दोन्ही हातांत पाण्याने भरलेले तांबे होते. "ये. मला बोलायला लावू नको, सोळा झालेत," एवढंच ते म्हणाले. आतून आत्याचा आवाज आला, "सतरा."

देशाचा बाजार तेव्हा परदेशी कंपन्यांना नुकताच मोकळा होत होता. मी येण्याआधीच आतोबांच्या कारखान्याचा एका जपानी कंपनीशी करार झाला आणि तिकडून एक इंजिनिअर आला. जेवणाच्या सुट्टीत तो दंडाच्या मुळाशी पट्टे आवळून अगदी हलकी वजनं उचलायचा. त्याने खाणाखुणांनी समजावलं की पट्ट्यामुळे परतीचं रक्त तुंबतं आणि थोड्या वजनातही स्नायूला मोठं ओझं उचलल्यासारखं वाटतं. बाकीच्यांनी त्याच्याकडून नवी यंत्रं शिकून घेतली, आतोबा पट्टे शिकून आले. कोठी बाजारातल्या एका दुकानातून रक्तदाब मोजायचे जुने पट्टे आणले आणि शिंप्याकडून पडद्याचं कापड जोडून वाढवून घेतले. रबरी फुगा दाबून हवा भरायची, काटा बघायचा, मनगटाची नाडी लागते ना ते चाचपायचं आणि मग तांबे उचलायचे. आधी तीस वेळा, मग पंधरा-पंधरा असे तीनदा. मोजायचं काम आत्याचं, कारण आतोबांना मध्येच बोलायची खोड आणि बोललं की आकडा चुकायचा. आत्या पलंगावर भाजी निवडत मोजायची आणि शेवटी "बास" म्हणायची. एकदा ती खिडकीतून शेजारणीशी बोलण्यात गुंतली, तर हे गृहस्थ घामाघूम होऊन तांबे उचलतच राहिले. मी म्हणालो, "आतोबा, थांबा की!" तर म्हणाले, "तिनं बास कुठं म्हटलंय?"

ही सवय इतकी अंगात मुरली होती की दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब बघायला दंडाला पट्टा बांधला, तेव्हा आतोबांच्या हाताने आपोआप टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि वर-खाली करायला सुरुवात केली. "अरे साब, हाथ नक्को हिलाओ," डॉक्टर दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांनी पेपरवेट कपाटात ठेवला. देशाच्या कारभारावरही आतोबांचं हेच मत. "चाळीस वर्षं पट्टा आवळून ठेवला होता, आता ढिला केलाय. बघ आता रक्त कसं उसळतंय!" यावर आत्या मान वर न करता म्हणाली, "हौ, पण आवळला होता तेव्हा तांबे कुणी उचलले?"

हे सगळं मी खूळच समजत होतो. पुढे नांदेडला माझ्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. आत्याला मूल नव्हतं. माझ्या बहिणीला ती पाच वर्षांची होईपर्यंत आत्यानेच वाढवलं होतं. पण एकदा घरात पाय घसरून पडली, तेव्हापासून आत्याच्या गुडघ्यांत जोर उरला नव्हता. बसचे हादरे सोसवत नव्हते, आणि आगगाडीच्या डब्याच्या तीन लोखंडी पायऱ्या तिला चढता येत नव्हत्या. चार वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. हमालाकरवी खुर्चीत बसवून चढवू, असं मी सुचवलं, तर ती एवढंच म्हणाली, "मी काय सामान आहे का रे?" तिला उचलून डब्यात चढवायचं, आणि तेही आपणच, असं आतोबांनी मनाशी ठरवलं होतं. पण हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्यांना जड काही उचलायची बंदी होती. म्हणून ते हलके तांबे आणि म्हणून ते पट्टे. मला त्या दिवशी स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

आत्या नुसती मोजत बसते, तिला कंटाळा येत असेल, म्हणून त्यांनी तिच्यासाठीही मांड्यांना बांधायचे दोन पट्टे शिवून घेतले होते, खणाच्या कापडाचे. तीही पलंगावर बसल्या बसल्या पाय सरळ करायची, खाली घ्यायची. ते केवळ सोबतीसाठी आहे, अशी आम्हा तिघांचीही समजूत होती.

लग्नाला निघायच्या सकाळी काचीगुडा स्टेशनवर गाडी लागली. आतोबांनी बाह्या वर सारल्या, पाय फाकवून उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग दांडी धरली, आणि एक पायरी चढली. क्षणभर थांबली. दुसरी चढली, तिसरी चढली. दारात उभी राहून म्हणाली, "अहो, चला की आता, गाडी सुटंल!" आतोबांचे हात तसेच पुढे होते. शेवटी तिनेच खाली वाकून त्यांना हात दिला. पार निजामाबाद येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "उचलायचं राहूनच गेलं रे." इतका आनंदी आणि इतका हिरमुसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर आत्या सहा वर्षांनी गेली. ती गेल्यावर महिन्याभराने मी विद्यानगरला गेलो, तर दार नुसतंच लोटलेलं होतं. आतोबा तिच्या पलंगासमोर उभे राहून तांबे उचलत होते. शर्ट घामाने भिजला होता. मी घाईने पट्ट्यांतली हवा सोडली आणि जरा रागावूनच म्हणालो, "आता कुणाला उचलायचंय, आतोबा?"

"कुणाला नाही रे," ते म्हणाले. "थांबावं कुठं, तेच कळंना झालंय."

हिंदकळून अर्धे झालेले तांबे मी भरून परत त्यांच्या हातात दिले, पट्टे न बांधता. पलंगावर तिच्या जागी बसलो आणि एकपासून मोजायला लागलो.