उजव्या बुटाचा टाका

"बॉल नक्को दाखवू रे, पाय दाखव!" नल्लकुंट्याच्या कोपऱ्यावर चपला शिवणारा माझ्या मोबाइलवरची मॅच बघताना असा ओरडला, की विद्यानगरपर्यंतची कबुतरं उडाली.

दक्षिण आशियातल्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल चालू होती आणि आपल्या संघात आमच्या गल्लीतली पोरगी होती. नवे बूट चावतात म्हणून ती जुनेच घेऊन गेली होती. त्यातल्या उजव्याचा सुटलेला तळ यानं शिवून दिला होता.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानं शिवलेली चप्पल मी अकरा वर्षं घातली. माझी टाच झिजली, टाका नाही. शिवून झालं की तो दोरा दातानं तोडायचा आणि चप्पल कानाशी धरून वाकवायचा. करकरली, तर सगळं उसवून पुन्हा. पण पोरीला गाडी गाठायची होती, त्यामुळे तो बूट तेवढा ऐकायचा राहिला होता.

"टाका उसवला तर पोरगी तोंडावर पडंल, साब," तो पुटपुटत होता. हातातली आरी तासभर हलली नव्हती.

शेवटच्या मिनिटाला तिनं गोल मारला. रिक्षावाले नाचले, आणि मी तर या वयात अशी उडी मारली की विजेच्या तारेला डोकं लावून आलो. हा मात्र ढिम्म.

"अहो, आपल्या पोरीनं गोल मारला!" मी त्याला गदागदा हलवलं.

"कोणत्या पायानं?"

"डाव्या."

"हौ," आरी उचलत तो म्हणाला, "म्हणजे उभी उजव्यावर होती."