भागीरथीने बाजूला काढलेली पीबेरी

भागीरथी अमळनेरकडची. नवरा उखा लूमवर कामाला, आणि ती गोडादऱ्याच्या वस्तीत घरोघरी धान्य निवडायची. डाळीतला एक गणंगही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिची ही ख्याती ऐकूनच सत्त्याण्णव साली कतारगामच्या शानभागांनी तिला दुकानात बोलावलं. शानभाग कारवारचे. कच्ची कॉफी मागवून, भाजून, दळून विकायचे.

"खडे, काळे दाणे, फुटके दाणे काढायचे," एवढंच त्यांनी सांगितलं.

भागीरथीनं जन्मात कॉफी प्यायली नव्हती. पण पहिल्याच दिवशी तिला शंका आली. सगळे दाणे एका बाजूनं चपटे, आणि मध्येच एखादा वाटाण्यासारखा गोल. हा त्या जातीचा दाणाच नव्हे! शेठ काहीतरी मिसळतो. उद्या गिऱ्हाईक ओरडलं, तर खापर निवडणारीवर फुटायचं. तिनं गोल दाणे वेचले, रोज पदरात बांधून घरी नेले आणि डब्यात भरून ठेवले. पुरावा हाताशी असलेला बरा.

"हाई भेसय शे," तिनं उखाला डबा दाखवला.

"तू कॉफीवाली कवय व्हयनी?" उखा हसला.

पाचव्या दिवशी तिनं निवडलेल्या पोत्यात शानभागांनी हात घातला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, ह्यातली पीबेरी कुठं गेली?"

"कोण बेरी?"

"गोल दाणे! एकही नाही. कुणाला विकलेत?"

भागीरथीच्या मस्तकात तिडीक गेली. "भेसळ तुम्ही करायची, शेठ, आणि चोर मी? घरी डबा भरून ठेवलाय!" चोरीचा आळ आलेल्या बाईला गोडादऱ्यात कुणी दारात उभं करत नाही.

डबा म्हणताच शानभागांच्या सगळं लक्षात आलं. मग सांगू लागले. कॉफीच्या फळात दोन बिया असतात, एकमेकींना टेकून वाढतात, म्हणून चपट्या. शंभरातल्या पाचदहा फळांत एकच बी धरते. सगळी जागा तिचीच, म्हणून ती गोल. भाजताना ती लोळत राहते, चहूबाजूंनी सारखी भाजते. जाणकार तीच मागतात, आणि ती वेचावी लागते एकेक करून.

"एकुलती एक, म्हणून एवढे लाड?" तिला पटेना. "पाजून दाखवा."

त्यांनी जुन्या साठ्यातून दोन कप कॉफी केली. कुठली कशाची, ते सांगितलं नाही. भागीरथीनं तोंड वाकडं करत दोन्ही घेतल्या.

"दोन्ही कडूच. पण हिचा कडूपणा घशाला चिकटत नाही."

तिनं बोट दाखवलेला कप पीबेरीचाच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा आणला. शानभाग तो तसाच बरणीत ओतू लागले, तर तिनं त्यांचा हात धरला.

"आधी वजन करा. उद्या कमी भरली, तर पुन्हा चोर मीच."

त्यांनी तागडी काढली. एवढी पीबेरी त्यांना स्वतःला महिनाभरातही वेचता आली नसती.

"बाई, आजपासून तुम्ही हीच वेचा."

"तसं कागदावर लिहून द्या," भागीरथी म्हणाली.